बाळाचे डॉक्टर प्रसूतीआधीच ठरवा

महोदय,

प्रसूती कुठे आणि कोणाकडे करायची, हे बहुतेक जोडपी तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच ठरवून टाकतात. बाळाला कोण तपासणार, हा प्रश्न मात्र बाळ घरी आल्यावर निघतो, आणि तोही अनेकदा रात्री, बाळ पिवळे दिसू लागल्यावर किंवा दूध ओढेनासे झाल्यावर. मग जो दवाखाना उघडा असेल तो आपला, अशी गत होते. नवजात बाळांच्या उपचाराशी रोजचा संबंध असल्याने या विषयावर जरा सविस्तर लिहीत आहे.

खरी अडचण दिवसांच्या हिशेबात आहे. साधी प्रसूती झाली तर एक-दोन दिवसांत, सिझेरियन झाले तर साधारण तीन-चार दिवसांत घरी सोडतात. पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत जास्त असते. आईला भरपूर दूध उतरते तेही तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तोवर बाळाचे वजन उतरत राहते. काही जन्मजात हृदयविकार तर असे असतात, की गर्भात उघडी असलेली हृदयाजवळची एक रक्तवाहिनी पहिल्या काही दिवसांत बंद होते तेव्हाच त्यांचा त्रास दिसू लागतो. म्हणजे लक्ष ठेवावे असे दिवस नेमके घरी जातात. आईची पुढची तपासणी बरीच उशिरा असते आणि ती आईची असते. अधल्यामधल्या काळात बाळाला वजनकाट्यावर ठेवणारे कोणीच नसते. म्हणून डॉक्टर निवडताना पहिला निकष एकच धरावा: डिस्चार्जनंतर ४८ ते ७२ तासांत हे बाळ कोण बघणार आहे? ज्यांच्याकडून याचे नेमके उत्तर मिळत नाही, त्यांची कीर्ती कितीही असो, पहिल्या आठवड्यात तिचा उपयोग नाही.

शोध गर्भारपणाच्या २८व्या आठवड्यापासून सुरू करून ३४व्यापर्यंत संपवावा. जुळी असतील तर २४व्या आठवड्याच्या सुमारासच, कारण जुळी बरेचदा आधी येतात. सोनोग्राफीत काही दोष दिसला असेल, मूत्रपिंडाला सूज, हृदयाच्या रचनेत फरक, ओठ दुभंगलेला, तर वाट पाहूच नये. तिथे आधी त्या विषयाच्या तज्ज्ञाची गाठ घ्यायची, आणि प्रसूतीचे ठिकाणसुद्धा त्यांच्या सल्ल्याने ठरवायचे. ३२ आठवड्यांच्या आत किंवा दीड किलोच्या आतले बाळ होण्याची शक्यता असेल, तर सर्व सोयींचा नवजात अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत हवा. जन्मलेल्या लहानग्याला रुग्णवाहिकेतून हलवण्यापेक्षा आईला आधीच तिथे हलवणे कितीतरी सुरक्षित असते.

आता एक गोष्ट, जी पालकांना उशिरा कळते. आपण निवडलेले बालरोगतज्ज्ञ प्रसूतीच्या वेळी हजर असतीलच असे नाही. पुष्कळ रुग्णालये फक्त आपल्याच पॅनेलवरच्या डॉक्टरांना प्रसूतिगृहात येऊ देतात. त्यामुळे बाळाला दोन डॉक्टर असू शकतात, एक जन्माच्या वेळचे आणि एक नंतरचे. यात काही बिघडत नाही, पण ते आधी ठाऊक हवे आणि एकाचे कागद दुसऱ्यापर्यंत पोहोचायला हवेत. म्हणून पहिली विचारणा रुग्णालयातच करावी. प्रत्येक प्रसूतीला नवजात पुनरुज्जीवनाचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती खोलीत असते का? रात्री आणि सुटीच्या दिवशीही असते का? श्वास सुरू व्हायला थोडीबहुत मदत लागते अशी बाळे शंभरात सुमारे दहा असतात, आणि न रडणाऱ्या, श्वास न घेणाऱ्या बाळाला पिशवी-मास्कने श्वास देणे पहिल्या ६० सेकंदांत सुरू व्हावे लागते. फोन करून डॉक्टर बोलावण्याइतका तो वेळ नाही. ‘तुमची केस नॉर्मल आहे, गरज पडणार नाही’ हे या प्रश्नाचे उत्तर होत नाही, कारण गरज कोणाला पडेल हे प्रत्येक वेळी आधी सांगता येत नाही.

डॉक्टरांना भेटायला जाताना शक्यतो दोघांनी जावे. प्रसूतीआधीच्या भेटीसाठी ते वेळ देतात का आणि फी किती, हे फोनवरच विचारून घ्यावे. १५-२० मिनिटे पुरतात. बरोबर गर्भारपणाची पूर्ण फाइल न्यावी: आईचा रक्तगट, साखर, थायरॉइड, हेपॅटायटिस बी, एचआयव्ही आणि सिफिलिसचे रिपोर्ट, सगळ्या सोनोग्राफी, चालू औषधांची यादी. आधीच्या मुलाला कावीळ होऊन प्रकाशाखाली ठेवावे लागले होते का, हेही सांगावे. या कागदांवर बाळाचे पहिले दोन दिवस अवलंबून असतात. आईला मधुमेह असेल तर जन्मानंतर पहिल्या काही तासांत बाळाची साखर घसरू शकते आणि ती पुन्हा पुन्हा तपासावी लागते. आईचा रक्तगट ओ किंवा आरएच निगेटिव्ह असेल तर काविळीकडे जास्त लक्ष द्यावे लागते. आईला हेपॅटायटिस बी असेल तर बाळाला जन्मानंतर १२ तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन), दोन्ही दोन वेगळ्या मांड्यांवर द्यावी लागतात. लस बहुतेक ठिकाणी हाताशी असते, इम्युनोग्लोब्युलिन नसते. ते आधी मागवून ठेवले नाही, तर बाळाच्या वडिलांना रात्री औषधांची दुकाने पालथी घालावी लागतात आणि ते १२ तास त्यातच सरतात.

प्रश्न विचारताना एक पथ्य पाळावे. होकारार्थीच उत्तर मिळेल असा प्रश्न विचारू नये. ‘तुम्ही स्तनपानाला पाठिंबा देता का?’ याला नाही म्हणणारा डॉक्टर सापडणार नाही. त्याऐवजी प्रसंग मांडावा: तीन किलोचे बाळ तिसऱ्या दिवशी २७६० ग्रॅम भरले, तर तुम्ही काय कराल? ही ८ टक्के घट झाली. पहिल्या दिवसांत ७ टक्क्यांपर्यंतची घट नेहमीची, १० टक्क्यांच्या जवळ गेली की सावध व्हायचे, असा सर्वसाधारण हिशेब असतो. चांगले डॉक्टर म्हणतील, आधी आईला समोर बसवून बाळ पाजताना बघेन, तोंड नीट लागते का, गिळल्याचा आवाज येतो का ते पाहीन. दिवसाला ८ ते १२ वेळा पाजता का आणि शू किती वेळा होते ते विचारेन. गरज पडली तर काढलेले दूध वाटी-चमच्याने द्यायला सांगेन आणि उद्या पुन्हा वजन करेन. वरचे दूध द्यावे लागेल अशी वेळही येते, आणि ती आली की ते नाकारणे हा हट्टच. पण ज्यांचे उत्तर डब्याच्या नावाने सुरू होते, त्यांच्याकडे स्तनपान टिकणे कठीण. बाळाचे जन्माचे वजन १० ते १४ दिवसांत भरून आले पाहिजे आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला किमान सहा वेळा शू व्हायला हवी, ही दोन मापे पालकांनी स्वतःही ध्यानात ठेवावीत.

दुसरा प्रश्न काविळीचा: बाळाची कावीळ तुम्ही कशी मोजता? ‘बघून कळते’ हे उत्तर पुरेसे नाही. नुसत्या नजरेचा अंदाज चुकतो, आणि सावळ्या कांतीच्या बाळात अधिकच. त्वचेवर टेकवायच्या यंत्राने किंवा रक्त तपासून बिलिरुबिनचा, म्हणजे काविळीत वाढणाऱ्या पिवळ्या द्रव्याचा, आकडा काढायचा आणि तो बाळाच्या वयाच्या तासांप्रमाणे तक्त्यावर पाहायचा, ही पद्धत. तोच आकडा ३० तासांच्या बाळात चिंतेचा आणि ९० तासांच्या बाळात निर्धास्त असू शकतो. जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ नेहमीची समजायची नाही, तिथे तपासणी लागतेच. कोवळ्या उन्हात धरण्याचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. फोटोथेरपीत, म्हणजे काविळीवरच्या प्रकाशउपचारात, ठरावीक तीव्रतेचा निळा प्रकाश तासन् तास उघड्या अंगावर पडतो, खिडकीतल्या उन्हाने ते साधत नाही. उलट बाळ तापते किंवा गारठते, आणि उपचार चालू आहे या समजुतीत एक दिवस वाया जातो. बिलिरुबिन फार वाढले तर ते मेंदूत उतरून कायमचे नुकसान करते, त्यामुळे हा वाया गेलेला दिवस महाग पडतो.

तिसरा प्रश्न तापाचा. दोन आठवड्यांच्या बाळाला रात्री दोन वाजता ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आहे, काय करू? अपेक्षित उत्तर एकच: लगेच घेऊन या, किंवा अमुक रुग्णालयात न्या, मी तिथे कळवतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप फोनवर थेंब सांगून सकाळवर ढकलायचा नसतो. या वयात गंभीर जंतुसंसर्गाचे तेवढे एकच लक्षण दिसू शकते. या एका उत्तरातून आणखीही गोष्टी उघड होतात: रात्री फोन कोण उचलतो, डॉक्टर गावाला गेले तर त्यांच्या जागी कोण असते, बाळाला दाखल कुठे करतात. हे तिन्ही नंबर तिथेच लिहून घ्यावेत.

तपासण्यांबद्दल विचारताना ‘करता का?’ याच्या पुढे जाऊन ‘रिपोर्ट कोण पाहते?’ असेही विचारावे. टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन थायरॉइड आणि इतर काही आजार पाहतात; नमुना २४ तासांनंतर, शक्यतो ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान घ्यायचा. जन्मजात थायरॉइडच्या कमतरतेवर पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बुद्धीची वाढ वाचते. नमुना घेतला जातो, आईबाळ घरी जातात, रिपोर्ट रुग्णालयाच्या खणात पडून राहतो, आणि वाढलेला आकडा कोणाच्या नजरेला पडतो तेव्हा महिना उलटलेला असतो. चूक होते ती इथे. ऐकू येण्याची चाचणी पहिल्या महिन्यात, दोष असल्यास निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्यापर्यंत व्हायला हवा. २४ तासांनंतर उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून प्राणवायूचे प्रमाण पाहण्याची चाचणी काही मिनिटांची आणि बिनदुखी आहे, मघाशी म्हटलेल्या हृदयविकारांपैकी काही त्यात पकडले जातात. बाळ पायाळू असेल तर खुब्याच्या सांध्यांची तपासणी विशेष काळजीने करायला सांगावी.

दवाखाना कसा आहे, हे पाच मिनिटे बाकावर बसून कळते. तापाने फणफणलेली, खोकणारी मुले आणि आठ दिवसांचे बाळ एकाच रांगेत बसले आहे का? लसीकरणासाठी वेगळी वेळ ठेवणारे दवाखाने पुष्कळ आहेत, त्यांना झुकते माप द्यावे. लस ठेवायच्या फ्रिजचे तापमान २ ते ८ अंशांत असते, त्याची रोजची नोंद ठेवता का, असे विचारल्यावर कोणी रागावले तर तेही एक उत्तरच समजावे. अंतराचा विचार जरूर करावा. पहिल्या वर्षात निरोगी बाळाच्याही सात-आठ फेऱ्या होतात. माझ्या मते एक तासावरच्या नामवंत डॉक्टरांपेक्षा पंधरा मिनिटांवरचे, फोन उचलणारे डॉक्टर बरे. नामवंतांकडे पाठवायची वेळ आली तर तेच पाठवतील.

इंटरनेटवरच्या ताऱ्यांवर फार विसंबू नये, ते बहुधा किती वेळ बसावे लागले याचे मोजमाप असते. ओळखीच्यांनी नाव सुचवले तर ते का आवडले हे विचारावे. ‘एका डोसात बरे करतात’ ही शिफारस ऐकून मी तरी दोनदा विचार करेन, कारण सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो आणि त्यावर प्रतिजैविक चालत नाही. ‘त्यांच्याकडे गेले की औषधच देत नाहीत’ ही तक्रार मात्र कान देऊन ऐकावी, बहुधा पत्ता तिथलाच घ्यावा.

प्रसूतितज्ज्ञांना आणि रुग्णालयांना एक विनंती. गर्भवतीच्या फाइलच्या पहिल्या पानावर ‘बाळाचे डॉक्टर’ आणि त्यांचा फोन यासाठी एक ओळ छापावी आणि ३४व्या आठवड्याच्या तपासणीत ती भरली आहे का ते पाहावे. डिस्चार्जच्या कागदावर जन्माचे वजन, घरी जातानाचे वजन, व्हिटॅमिन केचे इंजेक्शन आणि लसी दिल्याची नोंद, बिलिरुबिनचा आकडा व तो कितव्या तासाचा, राहिलेले रिपोर्ट आणि पुढच्या भेटीची तारीख-वेळ असावी. ‘गरज वाटल्यास दाखवा’ असे लिहू नये. पहिलटकरणीला गरज कशी ओळखायची हेच ठाऊक नसते.

आणि दोन-तीन भेटींत सूर जुळला नाही, तर डॉक्टर बदलायला संकोच नको. फक्त लसीकरणाचे कार्ड, वाढीचा तक्ता आणि रिपोर्टच्या प्रती घेऊन मगच बदलावे.

आपला,
एक नवजात शिशुतज्ज्ञ