युरोपावर मासे सापडले नाहीत हो

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गुरूच्या युरोपा नावाच्या चंद्राकडे निघालेल्या यानाबद्दल जे छापून येतं आणि त्याच्या दसपट जे व्हॉट्सअॅपवर फिरतं ते वाचून वाचून शेवटी हे पत्र लिहायला बसलो. 'बर्फाखाली जीवसृष्टी सापडली' असं एक कात्रण आमच्या गावच्या ग्रुपवर आलं, कोणत्या पेपरचं ते माहीत नाही, तुमचं नसावं. तेव्हापासून पोट्टे विचारून राहिले की काका तिथं मासे किती मोठे आहेत. अरे बाबा, यान अजून पोचायचंच आहे!

नासाचं युरोपा क्लिपर 14 ऑक्टोबर 2024 ला फ्लोरिडातून उडालं. चार दिवस आधीच उडणार होतं पण मिल्टन चक्रीवादळ आडवं आलं. मार्च 2025 मध्ये ते मंगळाजवळून गेलं, डिसेंबर 2026 मध्ये पृथ्वीजवळून वळसा घेऊन वेग वाढवायचा असं ठरलेलं आहे, आणि गुरूपाशी पोचायचं एप्रिल 2030 मध्ये. म्हणजे आज जो पोरगा सातवीत आहे तो कॉलेजात जाईल तेव्हा कुठं खरे फोटो येतील, तोवर दर महिन्याला जीवसृष्टी सापडत राहील आपल्या मोबाईलवर.

आणि मुख्य गोष्ट कोणी सांगतच नाही, हे यान जीव शोधायला गेलेलंच नाही. ती जागा जगण्यालायक आहे का एवढंच ते तपासणार. फरक बारीक वाटेल पण आम्हा खारपाणपट्ट्यातल्या लोकांना तो लगेच कळतो. पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीला पाणी लागलं म्हणून कोणी पेढे वाटत नाही, आधी चाखून पाहतात. पाणी असणं वेगळं आणि कामाचं असणं वेगळं. युरोपावर 15 ते 25 किलोमीटर जाड बर्फ आणि त्याखाली पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या दुप्पट पाणी असावं असा अंदाज आहे, तेही खारंच. हबल दुर्बिणीला 2019 मध्ये तिथल्या पिवळट भागात आपल्या जेवणातल्या मिठासारखंच मीठ दिसलं होतं. सूर्यापासून इतक्या लांब ते पाणी गोठून काऊन गेलं नाही म्हणाल तर गुरू. युरोपा साडेतीन दिवसात त्याची एक फेरी मारतो, पण कक्षा पूर्ण गोल नाही, कधी जवळ कधी दूर, त्यामुळं गुरूची ओढ त्याला सारखी ताणते आणि सोडते आणि त्या घर्षणानं आतून ऊब मिळत राहते.

आता खारट पाण्यात जीव राहील का? आमच्या शेजारच्या बुलडाण्यात लोणार सरोवर आहे ना. जून 2020 मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं, लोकांनी काय काय अफवा उठवल्या, नंतर पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासलं तर मिठात राहणारे सूक्ष्मजीव निघाले. म्हणजे खारटपणा आडवा येतोच असं नाही. पण लोणारला ऊन आहे, युरोपाच्या समुद्रात अंधार, म्हणून तिथं जगायला रसायनातूनच ताकद मिळायला पाहिजे, आणि तशी रसायनं आहेत का हेच तर यानाला शोधायचं आहे.

काम सोपं नाही. गुरूभोवती किरणोत्साराचा पट्टा असा भयंकर की युरोपाभोवती फिरत राहिलं तर यंत्रं जळून जातील, म्हणून यान गुरूभोवती लांबट फेऱ्या मारेल, जवळ येईल, मोजमाप करेल आणि पळेल. अशा 49 भेटी, सगळ्यात जवळची फक्त 25 किलोमीटरवरून. गुरूपाशी ऊन आपल्या पंचविसाव्या हिश्शाएवढंच म्हणून सोलर पॅनेल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 30 मीटर लावलेत (आमच्या वावरातला सोलर पंप आभाळ आलं की बसतो, ते आठवलं).

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट जुनी आहे. गॅलिलिओ नावाचं यान 2003 मध्ये संपत आलं तेव्हा ते चुकून युरोपावर पडू नये, पृथ्वीवरचे जंतू तिकडं जाऊ नयेत म्हणून मुद्दाम गुरूत घुसवून नष्ट केलं. ज्या जागी जीव आहे की नाही हेही माहीत नाही तिचीही इतकी काळजी! ही बातमी पहिल्या पानावर पाहिजे होती.

पारावर एक जण म्हणाला, पाच अब्ज डॉलर खर्च, कापसाला भाव नाही, आपल्याले काय त्याचं? त्याचं म्हणणं खोटं नाही. भाव वाढणार नाही त्यानं. पण पैसा अमेरिकेचा आहे, तो तिकडं खर्च झाला नसता तर आमच्या जिनिंगवर आला असता असंही नाही, आणि पोट्ट्यांनी विचारलं तर खरं उत्तर द्यायला काही पैसे लागत नाहीत.

तेव्हा विनंती एवढीच, बातमी देताना 'सापडलं' आणि 'शोधणार' यात घोळ करू नका. आणि बर्फातून पाण्याचे फवारे उडतानाचं ते निळं चित्र छापाल तेव्हा खाली 'काल्पनिक चित्र' असं ठळक लिहा, बारीक अक्षरात नको.

आपला,
एक वाचक
ता. दर्यापूर, जि. अमरावती