प्रभुभोजनाआधीचा हिशोब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळ होऊन दोन आठवडे झाले. आमच्या जिन्यावरचा कागदी तारा अजून कोणी उतरवलेला नाही, आणि आपल्या दैनिकात त्या दिवसांत आलेली वांद्र्याच्या बाजाराची, केकच्या दुकानांची व मध्यरात्रीच्या उपासनेची छायाचित्रे मी नेहमीप्रमाणे कापून ठेवली आहेत. छायाचित्रे चांगलीच असतात, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु भायखळ्याच्या चाळीत जन्म काढलेल्या आणि नाताळला केकपेक्षा करंज्या-चकल्यांची ताटे शेजाऱ्यांकडे पोचवण्यात ज्याचे बालपण गेले अशा माझ्यासारख्या मराठी ख्रिस्ती माणसाला दर जानेवारीत वाटते, की आमची श्रद्धा वर्षाच्या उरलेल्या दिवसांत घरात काय करते हे वाचकांना कुठेच दिसत नाही. खरे तर ते दाखवण्याजोगे आहे की नाही याची आमची आम्हालाच खात्री नसते. म्हणून घरातलीच एक हकीकत कळवीत आहे. ती माझ्या बाजूची नाही. पण जुन्या चाळी पाडून टॉवर उठत असलेल्या या शहरात ती फक्त माझ्याच घरी घडली असेल असेही नाही.

1979 साली वडिलांनी आमची दहा बाय दहाची खोली सोडून त्याच चाळीतली कोपऱ्यावरची मोठी खोली घेतली. वीस हजार रुपये पागडी, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी मोजायची रक्कम, पडली. त्यातले नऊ हजार माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे होते. ती परिचारिका होती आणि लग्न लांबवून तीन वर्षे घरात पगार देत होती. रात्री आठ वाजता आमच्याकडे प्रार्थना होई. वडील खाटेवर, आम्ही सतरंजीवर. रात्रपाळी असली की अक्का प्रार्थनेआधी कॅनव्हासच्या बुटांना पांढरे पॉलिश लावून ते खिडकीत वाळत ठेवी, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला पगाराचे पाकीट पवित्र शास्त्राखाली सरकवून ठेवी. ‘आमेन’ झाले की वडील शास्त्र मिटत आणि पाकीट उचलत. त्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नसे. पागडी घेणे 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने तेव्हा गुन्हा होता. तिला मोकळीक मिळाली ती 1999 च्या कायद्याने. त्यामुळे त्या वीस हजारांचीच पावती नव्हती, तर अक्काच्या नऊ हजारांची कुठून असणार? (बेकायदा रक्कम मोजताना वडिलांसारख्या काटेकोर माणसाच्या मनाला काही लागले की नाही, हे विचारायचे राहून गेले.)

अक्काचे लग्न झाले, ती कल्याणला गेली. वडील 2004 मध्ये वारले. त्या रात्री मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, माणसे तर आलीच, पण चाळीतली हिंदू-मुसलमान कुटुंबेही पहाटेपर्यंत गॅलरीत बसून होती. शिवडीच्या दफनभूमीत माती देऊन परतलो तेव्हा शेजारणींनी आमची चूल पेटू न देता तीन दिवस डबे पाठवले. दुःखात माणसे कशी उभी राहतात हे मी त्या चाळीत पाहिले आहे आणि त्याबद्दल मला काहीही उणे बोलायचे नाही. चौथ्या महिन्यात भाडेपावती माझ्या नावावर झाली. कायदा स्पष्ट आहे: भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. बरोबर राहत होतो तो मी. अक्काला विचारावे असे मला सुचले नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल. सुचले होते, कायद्याने विचारण्याची गरज नाही, एवढे कळल्यावर मी विचारणे टाळले.

पुढे चाळ पुनर्विकासात गेली. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणारी जुनी इमारत असल्याने एकशे ऐंशी चौरस फुटांच्या बदल्यात किमान तीनशे चौरस फुटांचे घर मिळाले, तेही मालकीचे. ज्या खोलीला जेमतेम शंभर रुपये भाडे होते, तिची किंमत आता कोटीच्या घरात बोलली जाऊ लागली. नव्या घराच्या प्रार्थनेला अक्का आली, स्टीलच्या बरणीत लोणचे घेऊन आली, सगळ्या गीतांना गायली, खिडकीशी दोन मिनिटे उभी राहिली आणि चहा न घेता निघाली. त्यानंतर दोन वर्षे ती महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत येत राहिली, कारण तिचा बाप्तिस्मा तिथलाच. पण उपासनेनंतर घरी येणे तिने बंद केले. भांडण नव्हते. भांडण असते तर निदान मिटवायला काही हाताशी लागले असते.

आमच्याकडे प्रभुभोजनाआधी, म्हणजे उपासनेत येशूच्या आठवणीसाठी भाकर व द्राक्षारस वाटण्याआधी, पाळकसाहेब जे निमंत्रण वाचतात, त्यात आपल्या पापांचा मनापासून पश्चात्ताप करणाऱ्यांना आणि शेजाऱ्यांशी प्रीतीने व सलोख्याने राहणाऱ्यांना जवळ बोलावलेले असते. ते वाक्य मी बालपणापासून काही शे वेळा ऐकले असेल. गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात एका रविवारी मात्र ते ऐकताना दोन बाके पुढे बसलेल्या अक्काच्या पांढऱ्या अंबाड्याकडे माझी नजर गेली, आणि छोट्या पेल्यांचे तबक माझ्यापाशी आले तेव्हा मी ते न घेताच पुढे दिले. शेजारी बायको होती. तिने काही विचारले नाही, घरी आल्यावर भात वाढताना एवढेच म्हणाली, “अक्कांचं काय ते एकदा करून टाका.” म्हणजे तिलाही सगळे ठाऊक होते. घरात सगळ्यांनाच ठाऊक होते, आणि रोज रात्री आठला आमची प्रार्थना अगदी वेळेवर होत होती.

वेदीवर अर्पण आणले असताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा, अशी प्रभू येशूची आज्ञा मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. तिथे आपल्या मनात दुसऱ्याविरुद्ध काही आहे का असे विचारलेले नाही. दुसऱ्याच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे का, असा तो प्रश्न आहे, आणि ही गोम आम्ही सोयीने विसरतो. दुसरी गोष्ट जक्कयाची. शब्बाथशाळेतल्या, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या, प्रत्येक मुलाला जक्कय ठाऊक असतो: ठेंगणा जकातदार, येशूला पाहण्यासाठी उंबराच्या झाडावर चढलेला. मी स्वतः निवृत्त होईपर्यंत शाळेत आणि त्यानंतरही शब्बाथशाळेत शिकवले. पुठ्ठ्याचे उंबराचे झाड करून ही गोष्ट कितीदा सांगितली असेल. लुकाच्या शुभवर्तमानात मात्र झाड एका वाक्यात आटोपते आणि खरी गोष्ट घरात घडते. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत, असे जक्कय म्हणतो, आणि मगच येशू म्हणतो की आज या घराला तारण झाले. घराला म्हटले आहे, माणसाला नाही. मुलांना मी झाडच शिकवले. हिशोबाशी आलो की घंटा व्हायची.

आमच्या मंडळीतल्या एका वकिलांना विचारले. ते म्हणाले, कायद्याने तुम्ही काही देणे लागत नाही. त्यांचे आभार मानले आणि कल्याणची गाडी पकडली. अक्काला म्हटले, वीस हजारांत तुझे नऊ होते, त्या मापाने घराच्या आजच्या किमतीत जे येईल ते एकदम देण्याची माझी ऐपत नाही, पण फंडातून इतके आता देतो आणि उरलेले दर सहा महिन्यांनी. ती रडली वगैरे नाही. चष्मा लावला, बाकीचे आकडे मला पुन्हा सांगायला लावले, कॅलेंडरच्या मागच्या बाजूस लिहून घेतले, धनादेशावरची तारीख तपासली आणि म्हणाली, “पावती देते. तेव्हा नव्हती घेतली मी, ती चूक झाली.” मग चहा टाकला. रक्कम इथे लिहीत नाही. उजवा हात काय देतो हे डाव्याला कळू नये असे शास्त्रच सांगते, तरी मी वर्तमानपत्रात का लिहितो, असे कोणी विचारील. ते वचन दानधर्माविषयी आहे. मी दान केले नाही; चाळीस वर्षांपूर्वीचे देणे फेडायला घेतले आहे, आणि देणे फेडल्याचे चारचौघांत सांगायला हरकत नसावी.

ही हकीकत इतक्या विस्ताराने लिहिली, कारण स्त्रियांच्या वाट्याच्या बाबतीत आम्हा ख्रिस्ती लोकांची एक फुशारकी असते. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 चा. मृत्युपत्र न करता ख्रिस्ती माणूस वारला तर विधवेला एकतृतीयांश आणि उरलेले मुलगा-मुलगी असा भेद न करता समान, असे तो सांगतो. वडिलार्जित मालमत्तेत हिंदू मुलींना जन्मतः समान हक्क महाराष्ट्रात 1994 मध्ये आणि देशभर 2005 मध्ये मिळाला. आम्ही सात दशके पुढे होतो, असे मंडळीच्या सभांतून अभिमानाने सांगणारे मी ऐकले आहेत. त्यांच्यातल्याच काहींच्या बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या आहेत आणि त्या सह्यांच्या आधी व नंतर प्रार्थना झालेली आहे. मुंबईत तर मालमत्ता म्हणजे पुष्कळांची पागडीची खोली. तिथे वारसाचा कायदा आड येतच नाही, आणि उरते ते केवळ ज्याचे त्याचे मन.

या मनाची पारख घरातल्या माणसालाच होते. आमच्या उपासनेत ज्यांची गीते आम्ही दर रविवारी गातो त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली याच मुंबईत झाला आणि 1919 मध्ये त्यांनी देह ठेवला तोही इथेच. त्यांच्या भक्तीविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, पण मला लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ची साक्ष अधिक भरवशाची वाटते, कारण त्यांनी टिळकांना चुलीपाशी बसून पाहिले होते: हाती पैसा न टिकणारा, शीघ्रकोपी, दुसऱ्याच्या मुलाला आपल्या घरात आणून ठेवणारा माणूस. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून त्यांनी तो लगोलग बदलला नाही. काही वर्षे वेगळ्या राहिल्या, परत आल्यावरही सोवळे सांभाळले, आणि पुढे स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या श्रद्धेची इतकी सावकाश आणि इतक्या जवळून परीक्षा झालेली उदाहरणे थोडी. माझी परीक्षा घेणारी दोन माणसे, बायको आणि अक्का, दोघीही गप्प राहिल्या, म्हणून मी इतकी वर्षे उत्तीर्ण समजलो गेलो.

आता सूचना. भायखळा, गिरगाव, लालबाग, परळ या भागांत आज शेकडो कुटुंबे पुनर्विकासाच्या करारनाम्यांवर सह्या करीत आहेत. भाडेपावतीवर एकच नाव असते, पण ती खोली टिकवण्यात कोणाकोणाचे हात होते हे त्या कुटुंबाला बरोबर माहीत असते. सही करण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी, लग्न होऊन गेलेल्या बहिणींसह, एकत्र बसून तो हिशोब साध्या वहीच्या पानावर मांडावा आणि खाली सर्वांनी सह्या कराव्यात. ही सूचना करायला ख्रिस्ती असण्याची गरज नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या समाजापुरते मात्र माझे म्हणणे असे आहे, की जी मंडळी आमची लग्ने लावते, आमच्या आजाऱ्यांना भेटायला जाते आणि आम्हाला माती देते, तिने अशा वेळी पाळकसाहेबांना किंवा एखाद्या वडीलधाऱ्या जोडप्याला त्या घरी पाठवावे. निवाडा करायला नव्हे. कोणी बोलायला कचरत असेल तर त्याला बोलते करायला.

आमच्या पास्टोरेट कमिटीपुढे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीपुढे, हा विषय मी डिसेंबरमध्ये मांडला. दोघांनी लगेच पाठिंबा दिला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले की घरातल्या वाटण्या हा मंडळीचा विषय नव्हे, मंडळीने आत्मिक गोष्टींपुरते पाहावे. त्यांचा मी आदर करतो. माझे पहिले शास्त्रवचन त्यांनीच पाठ करून घेतले होते. विषय फेब्रुवारीच्या सभेपर्यंत पुढे ढकलला आहे, आणि त्या सभेला अक्काही येणार आहे. कल्याणहून निघताना कॅलेंडरचे ते पान बरोबर आणू का, असे तिने परवा फोनवर विचारले. मी आण म्हटले आहे.

बहिणीच्या खाजगीपणाचा विचार करून माझे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
भायखळा, मुंबई