सुट्टीच्या दिवशी दुकान बंद करता येतं, मग पिसांचं पाणी का बंद करता येत नाही?

मा. संपादक,

कालच्या अंकातली मांसविक्री बंदीची चर्चा वाचली आणि इतका संताप आला की आज लिहिल्याशिवाय राहवलं नाही. परत तेच, मांसाची दुकानं ठराविक दिवशी बंद ठेवायचा अधिकार राज्याचा की महापालिकेचा. २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवलीने १५ ऑगस्टला दुकानं बंदचा आदेश काढला, नागपूर, मालेगाव, संभाजीनगरला पण तसंच, तेव्हाही सरकार पालिकांकडे बोट दाखवत होतं आणि पालिका बंदीच्या १९८८ च्या जुन्या ठरावाकडे. तुमच्या लेखात सगळे वकिली मुद्दे आले, पण जी माणसं त्या दुकानांच्या शेजारी राहतात त्यांच्याबद्दल एक ओळ नाही.

आमच्या बिल्डिंगच्या मागे एका गाळ्यात कोंबड्या सोलून हॉटेलांना पाठवतात. मी स्वतः मालवणी आहे, रविवारी आमच्याकडे कोंबडी-वडे होतात, त्यामुळे माझा खाण्याला विरोध आहे असं कृपा करून कुणी समजू नका. पण पावसात तिथलं रक्ताचं पाणी आणि पिसं आमच्या गटाराच्या चेंबरमधून वर येतात आणि तळमजल्यावर माझ्या सासूबाई राहतात, त्यांना दम्याचा त्रास आहे, मोरीत पिसं तरंगताना बघून त्या दोन घास सुद्धा खाऊ शकत नाहीत. तक्रार घेऊन गेले तर एका ऑफिसात म्हणाले लायसन आमचं नाही, आम्ही हात लावू शकत नाही. ज्यांचं लायसन ते म्हणाले गटार आमच्याकडे येत नाही. ऑनलाइन टाकली तर कुणी बघायला न येताच "तक्रार निकाली" असा मेसेज आला. शेवटी मी गाळ्याच्या मालकाशीच बोलले. तो म्हणाला, ताई मला जाळी बसवा, टाकी करा असं कुणी सांगितलंच नाही, सांगा काय करायचं ते, करतो. म्हणजे धंदेवाला तयार आहे आणि त्याला सांगणारं कुणी नाही!

देवनारला १९७१ पासून पालिकेचाच कत्तलखाना आहे, तिथे बोकड कापण्याआधी आणि नंतर जनावरांचे डॉक्टर तपासतात. कोंबडी मात्र गल्लीतल्या गाळ्यात कापली जाते. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा, लागू झाला ऑगस्ट २०११ ला, तेव्हापासून खाण्याच्या धंद्याचा परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे गेला. २०११ च्या नियमांत दिवसाला ५० कोंबड्यांपर्यंत नुसती नोंदणी पुरते, त्याच्यावर परवाना लागतो. कायदा एक असावा हे मला मान्य आहे, प्रत्येक गावाने आपापले नियम काढले तर धंदा करणाऱ्याने जायचं कुठे. पण रोज किती कोंबड्या कापल्या ते मोजायला येतं कोण? जी पालिका जवळ आहे तिच्या हातात काही नाही आणि ज्याच्या हातात आहे तो लांब बसलाय.

आणि तारखा ठरवायच्या म्हटलं की सगळ्यांना अधिकार आठवतात. २०१५ चं पर्युषण आठवा, जैनांच्या त्या पर्वात मुंबईत मांसविक्री बंद ठेवायला सांगितलं होतं. हायकोर्टात विषय निघाला की मटण-चिकन बंद मग मासे कसे चालू, तर सरकारकडून उत्तर आलं की मासे पाण्याबाहेर काढले की आपोआप मरतात. कोर्टाने मुंबईतली विक्रीबंदी थांबवली ते बरंच झालं. त्याच्याआधी २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादची नऊ दिवसांची कत्तलखाना बंदी योग्य ठरवली होती, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे म्हणून. आमच्या चेंबरचा प्रश्न वर्षभराचा आहे, त्यासाठी कोणी कोर्टात जात नाही आणि मला ते परवडणारही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की कोणी कधी काय खायचं ते ठरवायचा अधिकार पालिकेकडून काढून घ्या आणि राज्यानेही तो वापरू नये, पण पाणी, कचरा, वास, गाळ्याची जागा याच्यासाठी पालिकेच्या माणसाला आत जाऊन तपासायचा, नोटीस द्यायचा आणि नाही ऐकलं तर सील करायचा स्पष्ट अधिकार द्या, लायसन कोणाचंही असो. आणि आतडी-पिसं रोज उचलायला वेगळी गाडी द्या, नाहीतर तो मालक तरी ती टाकणार कुठे.

अजून एक, पेपर उघडला की पहिली दोन पानं बिल्डरांच्या जाहिराती, बातमी शोधायला तिसरं पान काढावं लागतं, सासूबाईंना तर पेपर आहे की कॅटलॉग तेच कळत नाही. निदान शहरातल्या अशा तक्रारींसाठी आठवड्यातून अर्धं पान ठेवा, आणि त्यात कोणत्या कामासाठी कुठल्या अधिकाऱ्याकडे जायचं ते छापा.

आपली,
एक वाचक, पूर्व उपनगर, मुंबई