गॅल्व्हेस्टनचे ‘कमिशनर’ म्हणजे आपले आयुक्त नव्हेत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत शहरांच्या कारभारावर जो लेख आला आहे, त्यात अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या गॅल्व्हेस्टन या बेटावरच्या छोट्या शहराचा दाखला दिला आहे. १९०० सालच्या वादळात हे शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा नगरसेवकांना घरी बसवून कारभार ‘आयुक्तांच्या’ हाती सोपवण्यात आला आणि म्हणून शहर तरले. तेव्हा आपल्याकडेही निवडून आलेल्यांपेक्षा नेमलेल्या अधिकाऱ्यांनी कारभार पाहिलेला बरा, असा लेखाचा एकूण रोख आहे. माझी थोरली मुलगी ह्यूस्टनजवळ राहत असल्याने गेल्या काही वर्षांत या बेटावर माझे चार-पाच वेळा जाणे झाले. नगरपरिषदेच्या बांधकाम खात्यात हयात गेल्यामुळे परगावी गेल्यावरही आधी गटारे आणि भिंती पाहायची खोड जडली आहे, आणि तिच्यामुळेच या गावाचा इतिहास वाचणे झाले. त्या आधारावर सांगावेसे वाटते की लेखकाने एका शब्दाच्या भाषांतरात गल्लत केली आहे आणि त्या गल्लतीवर सगळा निष्कर्ष उभा केला आहे.

वादळाचे वर्णन लेखात बरोबर आहे, पण त्याआधीची एक गोष्ट राहून गेली आहे. ८ सप्टेंबर १९०० रोजी वादळ आले तेव्हा गॅल्व्हेस्टनची वस्ती अडतीस हजारांच्या आसपास होती. कापसाच्या निर्यातीवर गबर झालेले ते बंदर होते, पण बेटावरची सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून नऊ फूटसुद्धा नव्हती, आणि त्या रात्री पाणी पंधरा फुटांच्या वर चढले. शहरात किमान सहा हजार माणसे गेली, म्हणजे दर सहा-सात जणांमागे एक. प्रेते इतकी होती की बोटींत भरून ती समुद्रात सोडली, आणि लाटांनी ती पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकली, तेव्हा जागोजागी चिता पेटवाव्या लागल्या. अशा शहराला समुद्रभिंत हवी, ही सूचना १८८६ मध्ये शेजारचे इंडियानोला हे बंदर वादळाने पुसले गेल्यावरच पुढे आली होती. ती मागे पडली. सरकारी हवामान कार्यालयाचे स्थानिक प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी तर १८९१ मध्ये तिथल्या वर्तमानपत्रात लेख लिहून, गॅल्व्हेस्टनला वादळापासून मोठा धोका आहे ही समजूत भ्रामक असल्याचे ठासून सांगितले होते. १९०० च्या वादळात त्यांची पत्नी वाहून गेली. तज्ज्ञ आणि वर्तमानपत्र एकत्र आले की चूक होत नाही असे समजणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. (आपण राग मानणार नाही अशी आशा आहे.)

आता मूळ मुद्दा. वादळानंतर शहराची तिजोरी रिकामी होती. बंदराच्या विकासासाठी आधीपासून खटपट करणारी व्यापाऱ्यांची एक ‘डीप वॉटर कमिटी’ होती. तिने टेक्सासच्या विधिमंडळाकडून १९०१ मध्ये शहरासाठी नवी सनद मंजूर करून आणली. जुनी नगरसभा गेली आणि तिच्या जागी पाच जणांचे मंडळ आले. एक महापौर-अध्यक्ष, आणि बाकी चौघांकडे एकेक खाते: वित्त, पोलीस व अग्निशमन, पाणी व मलनिस्सारण, रस्ते व सार्वजनिक मालमत्ता. या पाचांनीच एकत्र बसून नियम करायचे आणि त्यांनीच आपापल्या खात्यात ते अमलात आणायचे. अशा सदस्याला इंग्रजीत ‘कमिशनर’ म्हणत, आणि इथेच लेखकाची फसगत झाली. आपला आयुक्त हा राज्य सरकारने पाठवलेला नोकर असतो. त्याची बदली मंत्रालयातून होते. गॅल्व्हेस्टनचा कमिशनर हा त्याच गावचा रहिवासी असे आणि आपल्या खात्याचा राजकीय मालक असे. आपल्या भाषेत सांगायचे तर तो आयुक्त नव्हे, विषय समितीचा सभापतीच, फक्त सही करण्याचा अधिकार हाती आलेला.

पाचही जण राज्यपालांनीच नेमावेत, अशी व्यापाऱ्यांची मूळ योजना होती हे खरे आहे. पण ती लोकशाहीविरोधी असल्याची ओरड झाली, तेव्हा तडजोड म्हणून तिघे नेमलेले आणि दोघे निवडलेले असे ठरले. तेही टिकले नाही. १९०३ मध्ये टेक्सासच्या फौजदारी अपील न्यायालयाने ही नेमणूक घटनाबाह्य ठरवली आणि कायदा बदलून पाचही जागा निवडणुकीने भरू लागल्या. म्हणजे लेखात ज्या नेमणुकीच्या कारभाराचे गोडवे गायले आहेत, तो जेमतेम दोन वर्षे चालला. समुद्रभिंतीचे बांधकाम १९०२ मध्ये सुरू होऊन जुलै १९०४ मध्ये संपले, आणि शहराची जमीन उंचावण्याचे प्रचंड काम १९०३ मध्ये सुरू होऊन १९११ पर्यंत चालले. ते जवळजवळ सगळे निवडून आलेल्या मंडळाच्या काळात पार पडले. वित्त खाते सांभाळणारे केम्पनर हे १९०१ पासून १९१५ पर्यंत त्या पदावर होते; यातली बहुतेक वर्षे त्यांना मतदारांनी ठेवले, राज्यपालांनी नव्हे.

पैसा कुठून आला, हेही पाहावे. भिंतीसाठी काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, १५ लाख डॉलरचे रोखे काढले; त्यांना मतदारांनी प्रचंड बहुमताने मान्यता दिली आणि ते मोठ्या प्रमाणावर तिथल्याच लोकांनी विकत घेतले. आराखडा तीन अभियंत्यांच्या समितीने दिला. त्यांतले निवृत्त जनरल हेन्री रॉबर्ट हे सभा कशी चालवावी याचे नियम लिहिणारे तेच रॉबर्ट. १८७६ मध्ये निघालेली त्यांची नियमावली अमेरिकेतल्या असंख्य सभांमध्ये आजही प्रमाण मानतात. सभेची शिस्त घालून देणाऱ्या माणसाने सभाच बरखास्त केलेल्या गावाची भिंत आखावी, ही गंमत मला तिथे उभे असताना फार जाणवली. नोव्हेंबर १९०१ मध्ये नेमलेल्या या समितीने जानेवारीत अहवाल दिला. आमच्या नगरपरिषदेत तेवढ्या वेळात समितीच्या चहापाण्याचे बिल मंजूर होत नसे.

जमीन उंचावण्याचे काम कसे झाले ते थोडे सविस्तर सांगतो, कारण लेखात त्याला एक ओळ मिळाली आहे आणि गावाचा खरा पराक्रम तोच आहे. भिंत १७ फूट उंच. तिच्या पाठीमागे शहर खोलगट राहिले असते तर पाणी आत कोंडले असते. म्हणून सुमारे पाचशे ‘ब्लॉक’ची, म्हणजे चहूबाजूंनी रस्ते असलेल्या वस्तीच्या चौकोनांची, जमीन भिंतीपासून खाडीकडे हळूहळू उतरत जाईल अशी भरून काढायची ठरली. त्यासाठी शहराच्या मधून एक तात्पुरता कालवा खणला आणि गाळ उपसणाऱ्या बोटी वाळूमिश्रित पाणी घेऊन थेट वस्तीत आणल्या. दोन हजारांहून अधिक इमारती हाताने फिरवायच्या जॅकवर उचलल्या. सेंट पॅट्रिक चर्च सुमारे तीन हजार टनांचे. ते सातशे जॅक लावून पाच फूट वर घेतले. जॅकवर तोललेल्या घरांखाली पाइपने तो रबरबीत गाळ सोडायचा, पाणी निथळून जायचे आणि वाळू खाली राहायची. कित्येक वर्षे लोक लाकडी फळ्यांच्या उंच पुलांवरून ये-जा करत होते. घर उचलण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा होता. ज्यांना झेपले नाही त्यांनी खालचा मजला वाळूत जाऊ दिला. आजही जुन्या वस्तीत काही घरांसमोरचे लोखंडी कुंपण जेमतेम गुडघ्याइतके दिसते. ते मुळात कमरेच्या वर होते, उरलेले जमिनीखाली आहे. अशाच एका कुंपणावर मी हात ठेवून पाहिला, तेव्हा नक्षीची टोके माझ्या तळव्याला लागण्यासाठी मला वाकावे लागले. १९१५ मध्ये पुन्हा मोठे वादळ आले तेव्हा भिंतीआडच्या शहरात बळी फारच थोडे गेले, यावरून कामाची पारख होते.

यात किंमत कोणी चुकवली, याबद्दल लेख गप्प आहे. ती चुकवली गावातल्या काळ्या रहिवाशांनी. १९ जून १८६५ रोजी जनरल ग्रेंजर यांनी टेक्सासमधल्या गुलामांच्या मुक्ततेचा आदेश याच गावात जारी केला. २०२१ पासून तो दिवस सगळ्या अमेरिकेत राष्ट्रीय सुट्टीचा आहे. गोदीत काम करणाऱ्या काळ्या मजुरांची संघटना बांधणारे नॉरिस राइट क्युनी १८८३ मध्ये इथल्या नगरसभेवर निवडून आले. त्या काळी प्रभागवार मतदान होते, म्हणून वस्तीच्या जोरावर असा माणूस निवडून येऊ शकत होता. प्रभाग मोडून सगळ्या शहराने मिळून सदस्य निवडण्याची पद्धत वादळाच्या आधीच, १८९० च्या दशकात सुरू झाली होती. पाच कमिशनरांच्या मंडळाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. त्यातच १९०२ मध्ये टेक्सासने मतदानासाठी डोईपट्टी भरणे सक्तीचे केले. सगळ्या शहराची मते गोळा करायची तर पैसा आणि नाव लागते, आणि ते गोदीतल्या मजुराकडे नसते. गॅल्व्हेस्टनच्या नकलेने शेकडो अमेरिकी शहरांनी हीच पद्धत घेतली. अलाबामातल्या मोबिल शहराच्या अशाच मंडळाविरुद्ध काळ्या नागरिकांनी केलेला खटला १९८० मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

मंडळ फार स्वच्छ होते, असेही नाही. याच पद्धतीच्या कारभाराखाली गॅल्व्हेस्टनमध्ये अनेक दशके उघड उघड जुगाराचे अड्डे चालले; समुद्रात लांब धक्का काढून त्यावर थाटलेला बॅलिनीज रूम त्यांत प्रसिद्ध होता. ते सगळे १९५७ मध्ये राज्याने छापे घालून बंद केले. प्रत्येक जण आपापल्या खात्याचा राजा झाला की दुसऱ्याच्या खात्यात कोणी नाक खुपसत नाही, हा या पद्धतीतला मूळचा दोष. १९६० मध्ये खुद्द गॅल्व्हेस्टननेच ती टाकून दिली. आज तिथे महापौर सगळ्या शहरातून आणि सहा सदस्य सहा प्रभागांतून, दोन-दोन वर्षांसाठी निवडले जातात. दैनंदिन कारभार पगारी व्यवस्थापक पाहतो, आणि त्याला नेमण्याचा व काढण्याचा अधिकार या सात जणांकडे असतो. अधिकारी हवाच, आणि कर्तबगार हवा, हे तीस वर्षे त्यांच्या हाताखाली काढलेला माणूस नाकारणार नाही. पण त्याला जाब विचारणारे लोक त्याच गावचे हवेत. लेखकाला दाखलाच द्यायचा होता तर तो या व्यवस्थेचा द्यायला हवा होता.

तीही निर्दोष नाही. सप्टेंबर २००८ मध्ये आइक वादळात पाणी भिंतीवरून नव्हे, पाठीमागून खाडीच्या बाजूने शहरात शिरले. स्ट्रँड या जुन्या बाजारपेठेत ते कुठवर चढले होते हे दाखवणाऱ्या पट्ट्या भिंतींवर लावल्या आहेत; काही माझ्या डोक्याच्या वर होत्या. त्या वादळानंतर गरिबांसाठीची ५६९ सरकारी घरे पाडली गेली, आणि ती पुन्हा बांधायची की नाही यावर पुढची कित्येक वर्षे निवडणुका लढल्या गेल्या. भांडण कडवट होते, पण ते निदान सभागृहात आणि मतपेटीत झाले.

शेवटी एक लहानशी दुरुस्ती. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘१९०० सालची समुद्रभिंत’ असे छापले आहे. १९०० साली तिथे भिंत नव्हती. ती असती तर हा सगळा इतिहासच वेगळा झाला असता. मूळ भिंत तीन मैलांहून थोडी अधिक होती, आज ती दहा मैलांची आहे, आणि छायाचित्रातील भाग कोणत्या टप्प्यातला आहे ते तपासून मगच वर्ष घालावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.
आपला एक जुना वाचक,
निवृत्त उपअभियंता, सातारा