वास्कोतल्या खारीवाड्याच्या होडीवाल्या मामांना, आम्हा रेडिओवाल्यांकडून

मामा, नमस्कार. नाव कुठे घालू नका असं तुम्ही जेटीवरच बजावलं होतं म्हणून घालत नाही, पण खारीवाड्यावरचं कोणी ना कोणी हे वाचेल आणि तुमच्यापर्यंत पोचवेल. त्या शनिवारी रात्री सामान उतरवायची गडबड, सगळे खाऱ्या पाण्याने चिंब, तोंडातून नुसतं "थँक्यू मामा, थँक्यू" एवढंच निघालं आणि तोवर तुम्ही होडी वळवलीसुद्धा. तेव्हापासून चैन नाही.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आम्ही हॅम रेडिओवाले, परीक्षा देऊन सरकारी लायसन्स काढतो आणि छंद म्हणून जगभर बोलतो. त्यात बेटावर जाऊन स्टेशन लावायचा एक वेगळाच नाद असतो, आयलंड्स ऑन द एअर नावाचा कार्यक्रम १९६४ पासून चालू आहे, लोक घरी बसून बेटांवरच्या स्टेशनांशी बोलतात आणि कुठली कुठली बेटं झाली त्याचा हिशोब ठेवतात. त्याची मोठी स्पर्धा नेमकी जुलैच्या शेवटच्या वीकेंडला, आणि आपल्याकडे ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, दर्या उसळलेला, तेव्हा गोव्यातला हॅम त्या दिवशी भजी खात घरी बसतो. म्हणून आम्ही थंडीतला शनिवार-रविवार धरला आणि ग्रँड आयलंड ठरवलं, सकाळी जायचं संध्याकाळी परत, दोन्ही दिवस. वास्कोहून फार लांब नाही हे मान्य, दिवसा तिथे पिकनिकच्या बोटी, डायव्हिंगवाले, गाणी, सगळी जत्रा असते. पण दुपार टळली की एकेक बोट निघते, आणि उघड्या समुद्राच्या बाजूला मोबाईलची रेंज येते-जाते, मग कळतं की आपण बेटावर आहोत.

ज्याने सकाळी सोडलं आणि "साडेपाचला न्यायला येतो" म्हणाला त्याच्यावर जास्त शाई घालवत नाही. पैसे पूर्ण आगाऊ घेतले होते. संध्याकाळी कसाबसा फोन लागला तर म्हणे मोठी पार्टी मिळाली, बघतो कोणाला तरी पाठवतो, आणि नंतर स्विच ऑफ. बघतो म्हणजे काय ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

शेवटी हातातल्या वॉकीटॉकीसारख्या छोट्या व्हीएचएफ सेटवर वास्कोतला आमचा एक मित्र मिळाला, तो स्कूटर काढून जेटीवर धावला. आता काळोख होतोय, उद्या बघू, अमुक द्याल तर येतो, असं सगळं ऐकून झाल्यावर तुम्ही भेटलात, जाळं निवडत बसला होता म्हणे, आणि विचारलंत काय तर फक्त किती माणसं आहेत.

पण मामा, तुम्ही आलात एवढ्यासाठी हे पत्र नाही. आलात हे मोठंच, पण मला लिहायचंय ते त्यानंतरचं.

आमच्या टीममधली सगळ्यात लहान पोरगी, नुकतंच व्हीयू-थ्री, म्हणजे सुरुवातीचं लायसन्स मिळालेली. तोवर चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद एवढंच बोलली होती, देशाबाहेर एकही कॉन्टॅक्ट नाही. तुमची वाट बघताना आम्ही तिला सेटवर बसवलं. सात मेगाहर्ट्झ बँडच्या अँटेनाची वायर, वीसेक मीटर, प्लास्टिकच्या काठीवर ताणलेली. हा बँड सूर्य मावळला की पूर्वेकडे उघडतो, कारण तिकडे आधीच रात्र झालेली असते. आणि झालंही तसंच, जपानचा एक स्टेशन खोल विहिरीतून बोलल्यासारखा ऐकू यायला लागला, तिचा कॉलसाईन, म्हणजे लायसन्सबरोबर मिळालेलं अक्षर-आकड्यांचं नाव, त्याला अर्धाच मिळत होता, शेवटचं अक्षर सारखं चुकत होतं.

तेवढ्यात तुमची होडी. पेट्रोलचं इंजिन जवळ आलं की त्याच्या स्पार्कची टर्रटर्र रिसिव्हरमध्ये घुसते, जपान गायब. आमच्यातलेच ओरडायला लागले, पुरे आता, चल, मामा थांबलेत. तुम्ही विचारलंत "कितें जालें?" मी सांगितलं, जपान लागलाय पण इंजिनाचा आवाज येतो, जाऊ दे.

तुम्ही इंजिन बंद केलंत. एक पाय होडीत, एक पाय खडकावर, वल्ह्याने होडी दगडापासून लांब धरून उभे राहिलात आणि म्हणालात, "सोंपय बाय, हांव रावतां." संपव तुझं, मी थांबतो.

लाट आली की तुमच्या दंडाची शीर वर यायची. उजेड चाललेला. ती कानावर दोन्ही हात दाबून तेच अक्षर परत परत सांगतेय, आणि तुम्ही तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता, उगाच तिला घाई वाटू नये म्हणून. शेवटी त्याने पूर्ण कॉलसाईन बरोबर म्हटला आणि ती अशी किंचाळली की काय सांगू. तुम्ही "जालें?" एवढंच विचारून इंजिनाची दोरी ओढलीत.

मामा, अडलेल्याला घरी आणणारी माणसं अजून आहेत. पण दुसऱ्याचं खूळ, ज्यातलं आपल्याला काही कळत नाही, त्याच्यासाठी काळोख पडताना थांबणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता. आम्हाला सवय आहे ती "मोबाईल असताना हे डबडं कशाला" ह्याची. एका कागदासाठी एका साहेबापुढे उभा होतो तेव्हा त्यानेही हेच विचारलं, आणि मी नेहमीची गोष्ट सांगितली, की २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांची टीम छंद म्हणूनच पोर्ट ब्लेअरला स्टेशन लावून होती, २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले आणि त्याच सेटवरून निरोप गेले. गोष्ट खरी आहे, अभिमान आहे. पण दर वेळी कोणाचे तरी जीव वाचवल्याचा दाखला देऊनच आपला छंद कबूल करून घ्यायचा ह्याचा कंटाळा येतो हो. तुम्ही फायदा विचारलाच नाही. हॅमला पहिली गोष्ट शिकवतात ती म्हणजे आधी ऐक, फ्रिक्वेन्सीवर दुसरं कोणी बोलत असेल तर गप्प बस. लायसन्सवाल्यांनाही ते जमत नाही.

येताना मुरगाव बंदराचे दिवे दिसले तेव्हा मी म्हटलं, १९४३ च्या मार्चमध्ये ह्याच बंदरात एरेनफेल्स नावाची जर्मन बोट जळून बुडाली, तिच्यावर लपवलेला ट्रान्समीटर होता आणि पाणबुड्यांना बातम्या जायच्या असं सांगतात. तुम्ही लगेच, "तो तुमचोच न्हय मू?" सगळा दिवसभराचा ताण तिथे उतरला.

पैसे तुम्ही घेतलेत, नेहमीच्या भाड्याएवढेच, आणि ते मला फार आवडलं. वर रविवारी तुम्हाला दर्यावर जायचं होतं तर भाच्याला पाठवलंत, तो वेळेच्या आधी हजर.

आता एक काम आहे. बोलणं झालं की आम्ही एकमेकांना क्यूएसएल कार्ड पाठवतो, पोस्टकार्डासारखं असतं. ह्या वेळच्या कार्डावर पोरीला तुमच्या होडीचा फोटो हवाय, तुम्ही पाठमोरे आहात, चेहरा दिसत नाही. चालेल की नाही तेवढं भाच्याकडे कळवा, प्रेसवाला घाई करतोय.

७३ (आम्हा हॅमवाल्यांच्या भाषेत शुभेच्छा),
बेटावर अडकलेली सगळी मंडळी