फीत कापलीत, डॉक्टर कुठे आहे?

मा. मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

दोन वर्षांपूर्वी आपल्या शुभहस्ते आमच्याकडच्या सरकारी रुग्णालयात बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या, म्हणजे हाडातला रक्त तयार करणारा मगज बदलण्याच्या कक्षाचं उद्घाटन झालं. आता इथल्या लेकरांना मुंबईला जावं लागणार नाही, असा शब्द आपण भाषणात दिलात. मी मुलाला घेऊन तिसऱ्या रांगेत होतो. टाळ्या मीही वाजवल्या.

परवा सोमवारी त्याच दाराशी गेलो, तर कुलूप. गोल काचेतून आत डोकावलो. छतातल्या हवा गाळायच्या फिल्टरवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नाही. खाटांवर सलाइनचे खोके रचलेत. बाहेरची पाटी मात्र लख्ख. मुलाने तुमचं नाव पदासकट मोठ्याने वाचून दाखवलं. चौथीत आहे, जोडाक्षरं जमतात त्याला.

त्याला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे जन्मापासून अंगात पुरेसं चांगलं रक्त तयारच होत नाही. आठ महिन्यांचा होता तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी रक्त चढतं. दीडशेच्या आसपास पिशव्या झाल्या असतील. हिने वहीत मांडून ठेवल्यात, मी मोजायचं सोडलं. रक्तातून लोह साचतं, ते काढायला रोज उपाशीपोटी गोळी पाण्यात विरघळवून द्यायची. तो थुंकतो, मी ओरडतो, मग ही दोघांवर चिडते. ट्रान्सप्लांटसाठी दात्याचा एचएलए, म्हणजे पेशींची ओळखखूण, जुळावी लागते. सख्ख्या भावंडाचा तो पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आमच्या थोरलीचा जुळला, साहेब! पेढे वाटले होते आम्ही. देवाने त्याचं काम केलं, तुमच्या खात्याचं तेवढं राहिलं.

ट्रान्सप्लांट करणारे एक डॉक्टर होते, अकरा महिन्यांच्या करारावर. मुदतवाढीची फाइल मंत्रालयात फिरत राहिली आणि ते वैतागून परराज्यातल्या खासगी इस्पितळात गेले. तिथे या म्हणतात, बारा-पंधरा लाख घेऊन. कोल इंडियाची थॅलेसेमियाच्या मुलांसाठीची योजना ट्रान्सप्लांटला दहा लाखांपर्यंत देते, पण ठरावीक रुग्णालयांतच. त्या यादीत तुमची कुलूपबंद खोली कशी असेल?

एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची तीन, हिमॅटॉलॉजीच्या, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या, डीएमची आणखी तीन. फीत कापायला किती वेळ लागला होता? केमो देऊन मुलाचा जुना मॅरो संपवायचा, बहिणीच्या पेशी शिरेतून सोडायच्या आणि त्या रुजेपर्यंत दोन-तीन आठवडे जीव मुठीत धरून बसायचं. तेव्हा रात्री दोनला ताप चढला तर निर्णय काय फिल्टर घेणार?

शिकायची सोय नाही म्हणावं, तर देशातलं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट १९८३ साली मुंबईत टाटा रुग्णालयात झालं. ४ एप्रिल २०२४ रोजी पवईच्या आयआयटीत राष्ट्रपतींच्या हस्ते रक्ताच्या कर्करोगावरच्या देशी कार-टी थेरपीचं लोकार्पण झालं. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयात हिमोफिलियावर, म्हणजे रक्त न गोठण्याच्या आजारावर, जीन थेरपीची (पेशीतला जनुकाचा दोषच भरून काढणाऱ्या उपचाराची) चाचणी झाली. दरवर्षी दोन डॉक्टर आणि चार नर्स टाटाच्या खारघरच्या केंद्रात किंवा वेल्लोरला वर्षभर धाडा, परत आल्यावर त्यांना कायम पद द्या. मागणी एवढीच.

पण नाही! तुम्ही भाषणात जीन थेरपीही आणणार होतात. अमेरिकेत आमच्या आजारावरच्या त्या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे. आधी ते खोके हलवा. देशात दरवर्षी दहा-बारा हजार बाळं हा आजार घेऊन जन्मतात म्हणे. खरा आकडा कुणी मोजलाय, देव जाणे. तुम्ही कॉलेजांवर कॉलेजं काढता, तपासणीच्या दिवशी तेच प्राध्यापक इकडून तिकडे पळवता आणि वॉर्डात उरतो तो तीन रात्री न झोपलेला निवासी डॉक्टर. टेंडर असलं की सगळं वेळेत होतं. डॉक्टर शिकवायचं टेंडर निघत नाही ना!

दरम्यान मुलाचं लिव्हर वाढून बरगडीखाली दोन बोटं उतरलंय. ते बिघडत गेलं की ट्रान्सप्लांट यशस्वी होण्याची शक्यता घटते. फाइलीला हे कुणी कळवायचं?

आपला,
एका पेशंटचा बाप

ता.क. : कक्षाची किल्ली अधीक्षकांकडे नाही, बांधकाम विभागाकडे आहे म्हणे. बांधकामवाले अधीक्षकांकडे बोट दाखवतात. तेवढी तरी शोधायला सांगा.