एका शब्दाच्या दुरुस्तीबद्दल आभार

सप्रेम नमस्कार,

तुमचं खरं नाव मला माहीत नाही. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या डॉक्युमेंटेशनमध्ये, म्हणजे तिच्या संदर्भग्रंथात, लोकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या तुम्ही गिटहब या संकेतस्थळावर तपासता. तिथे तुम्ही टोपणनावाने वावरता, आणि ते इथे उघड करणं बरं दिसणार नाही. मराठी तुम्हाला येत नसणार, हेही दिसतंच आहे. तरी पत्र मराठीत लिहितोय, कारण तुमचे आभार चारचौघांत मानायचे आहेत आणि माझे चारचौघे मराठी वाचणारे आहेत.

मी सांगलीकडच्या एका पॉलिटेक्निकमध्ये पायथन शिकवतो. आमची मुलं अधिकृत डॉक्युमेंटेशन क्वचितच उघडतात. गाइड आणि यूट्यूबवर त्यांचं भागतं. जी उघडतात, ती मात्र शब्द न् शब्द लावून वाचतात. सराईत माणूस चुकीचं वाक्य नजरेनेच ओलांडून पुढे जातो. नवखं मूल तिथेच अडतं आणि चूक आपलीच असणार असं धरून चालतं. माझ्या वर्गातली एक मुलगी अशीच एका फंक्शनच्या वर्णनापाशी अडली. वरच्या ओळीत आर्ग्युमेंटचं (फंक्शनला द्यायच्या माहितीचं) नाव एक, खालच्या परिच्छेदात दुसरंच. तिने खालचं वापरलं आणि टाइपएरर आला. मी म्हटलं, दुरुस्ती पाठवून दे. पाठवताच योगदान देणाऱ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या परवाना-करारावर सही मागणारा बॉट आला, तेव्हा ती म्हणाली, "सर, घरी विचारून सांगते."

एका शब्दाचा बदल. तुम्ही 'ठीक आहे' म्हणून बटण दाबलं असतं तरी कुणाची तक्रार नव्हती. पण तुम्ही आधी त्या फंक्शनचा सी भाषेतला कोड उघडून पाहिलात आणि तिथल्या डॉकस्ट्रिंगमध्येही (कोडमध्येच लिहिलेल्या वर्णनातही) तेच चुकीचं नाव बसलंय हे दाखवून दिलंत. वेबवर दिसणारं पान 'डॉक' फोल्डरमधल्या रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या साध्या मजकुराच्या फाइलीतून स्फिंक्स नावाचं साधन तयार करतं. हेल्प टाइप केल्यावर समोर येणारा मजकूर कोडमधल्या डॉकस्ट्रिंगचा. दोन्ही वेगवेगळे लिहिलेले, त्यामुळे एकीकडचं सुधारलं म्हणून दुसरीकडचं सुधारत नाही. सी फाइलीतली ती डॉकस्ट्रिंग बदलल्यावर 'मेक क्लिनिक' ही त्यावरून बनणारा कोड पुन्हा तयार करणारी आज्ञा चालवावी लागते, हेही तुम्ही तिला सांगितलंत, आणि ते जमेपर्यंत थांबलात. खरं तर तुम्ही स्वतः केलं असतं तर लवकर उरकलं असतं.

मला सगळ्यात आवडला तो तुमचा नकार. उत्साहाच्या भरात तिने आजूबाजूची दोन-तीन वाक्यंही 'छान' केली होती. ती तुम्ही परत फिरवलीत, पण कारण देऊन. पायथनचं डॉक्युमेंटेशन जपानी, कोरियन, फ्रेंच, स्पॅनिश अशा भाषांत स्वयंसेवक उतरवतात. मूळ इंग्रजी वाक्यात एक स्वल्पविराम हलला, तरी त्या भाषांतरावर 'फझी'चा, म्हणजे 'पुन्हा तपासा' असा, शिक्का बसतो आणि कुणीतरी ते पुन्हा तपासेपर्यंत वाचकाला तिथे इंग्रजीच दिसतं. चूक असेल तर एवढा खटाटोप करायचाच. नुसतं वाक्य गोड व्हावं म्हणून नाही. हे वाचून ती हिरमुसली नाही. उलट, आपण लिहिलेलं दूर कुठेतरी कोणाच्या तरी कामात भर घालतं, हे तिने मैत्रिणींना ऐकवलं.

संदर्भग्रंथातल्या एका वाक्याचं वजन मी वर्गात 'आरस्ट्रिप' या, स्ट्रिंगच्या (मजकुराच्या) उजव्या टोकाची अक्षरं काढणाऱ्या फंक्शनवरून दाखवतो. 'मॉन्टी पायथन' या स्ट्रिंगमधून शेवटचं 'पायथन', त्याआधीच्या मोकळ्या जागेसकट, काढायला मुलं हे फंक्शन वापरतात आणि हातात उरतं फक्त 'एम'. कारण दिलेली अक्षरं हा प्रत्यय नसून अक्षरांचा संच आहे. त्यातलं एकेक अक्षर उजवीकडून गळत जातं. हेच उदाहरण आज डॉक्युमेंटेशनमध्ये आहे. २०२० साली पायथन ३.९ मध्ये खास प्रत्यय काढणारं 'रिमूव्हसफिक्स' आलं, आणि 'आरस्ट्रिप'चं वर्णन आता वाचकाला तिकडे बोट दाखवून पाठवतं. ते वाक्य आणि ते उदाहरण तिथे कुणी लिहिलं, हे एकाही मुलाने मला अजून विचारलेलं नाही.

अशा किरकोळ दुरुस्त्यांची बदलसूचीत सहसा नोंदही होत नाही. नव्या आवृत्तीत काय आलं ते लोक हौसेने वाचतात. कुठला शब्द सुधारला ते कोण वाचणार? तुम्ही मात्र त्यावर बॅकपोर्टची (हाच बदल जुन्या आवृत्तीतही न्यायचा, अशी) लेबलंही लावलीत, म्हणून आदल्या आवृत्तीच्या पानावरही आज बरोबर नाव आहे. आमच्या लॅबमध्ये तीच आवृत्ती चालते, तेव्हा पुढच्या बॅचला तो टाइपएरर तरी भेटणार नाही. या सगळ्याचा तुम्हाला पगार मिळतो की नाही मला ठाऊक नाही, पण तुमची उत्तरं तुमच्याकडच्या रात्री उशिराची असायची, हे लक्षात आलंय.

तुमचे मनापासून आभार. तिच्या वतीनेही मानले असते, पण तिने ते स्वतःच, तिच्या इंग्रजीत, तिथे मानले आहेत. 'जेसन' या मॉड्यूलच्या पानावर तिला आणखी एक वाक्य खटकतंय. परीक्षा झाली की खात्री करून पाठवेल. या वेळी डॉकस्ट्रिंग आधीच पाहून ठेवली आहे.

आपला,
पायथनचा एक मास्तर